मोर्चाला गेले नाही, म्हणून माझी श्रद्धा कमी का?

पत्र

ताई, मी वसईची. वय ४३. नवरा रेल्वेत, मुलगी बारावीला, मी अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये. घर पहिल्यापासून धार्मिक, संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्याशिवाय आई ताटं मांडायची नाही. धाकटा भाऊ आमच्या चर्चच्या धर्मग्रामात सामाजिक कामात पुढे असतो. समाजाच्या प्रश्नांवर निवेदनं, सभा, मोर्चे, आणि आता निवडणुकीत कोणाच्या मागे उभं राहायचं याच्या बैठका. मागच्या महिन्यात पालघरला कलेक्टर ऑफिसवर मोर्चा होता. मी गेले नाही. त्या दिवशी आईचं डायलिसिस होतं, सोमवार-गुरुवार मीच नेते. रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर चार लोकांसमोर भाऊ म्हणाला, "तू डबेच पोहोचवत बस. फादर दिब्रिटो तुझ्यासारखे घरात बसले असते तर वसई उरली नसती."

डबे म्हणजे काय, तर शेजारच्या सोसायटीत एक काका-काकू राहतात, मुलं कॅनडात. काकूंचा हात मोडल्यापासून मी संध्याकाळी त्यांना भाजी-पोळी देते. शनिवारी मागच्या चाळीतल्या बायकांचे फॉर्म भरून देते. बहुतेक यूपी-बिहारकडच्या आहेत. रेशन, आधार, मुलांच्या शाळा, असलं काहीबाही. एवढंच. परवा काकूंच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "धर्मांतर वगैरेचा विषय नाही ना, मॅडम?" हसतच विचारलं, पण त्यानंतर चार दिवस मी डबा दिला नाही. भाऊ म्हणतो मी काहीच करत नाही आणि लोकांना वाटतं मी भलतंच काही करतेय. माझं ख्रिस्ती असणं नक्की कुठे दिसायला हवं? आणि भांडणं, घोषणा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. हा भित्रेपणा आहे का?

— एक वाचक, वसई

उत्तर

आधी काकूंचा डबा सुरू करा. आज संध्याकाळीच. बाकीचं उत्तर पोळ्या झाल्यावर वाचलंत तरी चालेल.

मोर्चा कशासाठी होता, मागणी बरोबर होती की चूक, यात मी शिरत नाही. तुमचा प्रश्न तो नाहीच. तुम्ही विचारताय की मोर्चात दिसलं नाही तर ख्रिस्ती म्हणून आपण कमी पडतो का. नाही पडत. कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण चर्चचे सात संस्कार पाठ केले, मोर्चा हा आठवा कुणी शिकवला नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय तुम्ही प्रवचनात अनेकदा ऐकला असेल. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा माणसांची विभागणी करतो, आणि विचारतो काय? भुकेल्याला जेवायला दिलं का, तहानलेल्याला पाणी पाजलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडे दिले का, आजाऱ्याकडे आणि तुरुंगातल्या माणसाकडे गेलात का. सहा कामं. कोणत्या बाजूने उभे होतात हे तो विचारत नाही. किती रोझऱ्या केल्या हेही नाही. (हे वाचून माझ्यासारख्या रोझरीवाल्या बायकांना थोडं टोचतं. टोचू दे.)

पण त्या उताऱ्यातली मला सगळ्यात आवडती गोष्ट वेगळी आहे. राजा ज्यांना जवळ बोलावतो ती माणसं गोंधळून जातात. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांना पत्ताच नसतो! भाजी परतताना आपण देवासाठी काही करतोय असं त्यांच्या मनातही नव्हतं. समोर भूक होती, त्यांनी वाढलं. तुम्ही विचारता, माझं ख्रिस्तीपण कुठे दिसायला हवं. ज्यांचं ख्रिस्तीपण राजाने ओळखलं, त्यांना स्वतःला ते दिसलंच नव्हतं.

आता भाऊ. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव घेऊन त्याने तुम्हाला गप्प केलं. वसईत हे नाव घेतलं की समोरच्याची बोलती बंद होते, आणि ते साहजिक आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली ती बिल्डरांच्या, टँकरवाल्यांच्या आणि दहशतीच्या विरोधात. एका कॅथलिक धर्मगुरूने तिचं नेतृत्व केलं, धमक्या सोसल्या. ते रस्त्यावर उतरले नसते तर वसईच्या वाड्यांचं काय झालं असतं, हा भावाचा मुद्दा मी खोडणार नाही. पण त्याच माणसाने वर्षानुवर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. त्यांच्या आयुष्यातला मोर्चा तेवढा उचलायचा आणि मोठ्या बहिणीला झोडपायला वापरायचा, हे मला पटत नाही. शिवाय तो लढा कशासाठी होता ते बघा. विहिरीचं पाणी, झाडं, शेजारपाजारच्या माणसांची भीती. रोजच्या जगण्यातून वर आलेली गोष्ट होती ती. कोणत्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचा याच्या बैठकीला तेच वजन आपोआप येत नाही.

भावाच्या टोमण्यासारखाच एक प्रश्न १८३३ साली पॅरिसमध्ये एका कायद्याच्या विद्यार्थ्याला विचारला गेला होता. फ्रेडरिक ओझानम, वय २०. विद्यार्थ्यांच्या वादसभेत तो चर्चची बाजू हिरिरीने मांडायचा. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याने हजारो माणसं गेली होती. विरोधकांनी त्याला सुनावलं, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामं केली असतील, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? ओझानमकडे उत्तर नव्हतं. त्याने पुढच्या सभेसाठी भाषण लिहिलं असतं तर आज त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. तो आणि त्याचा एक मित्र हिवाळ्यासाठी जमवलेली जळणाची लाकडं घेऊन एका गरीब कुटुंबाकडे गेले, असं सांगतात. मग मूफ्तार या गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्या पोरांना हाताशी धरलं. कुणाच्या घरी जायचं, कसं बसायचं, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे शिकवलं. त्यातून सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. आपल्याकडच्या कितीतरी चर्चमध्ये तिची शाखा असते. दोघा-दोघांनी गरजू घरांत जायचं, ही त्यांची जुनी रीत अजून चालू आहे.

याच ओझानमने १८४८ मध्ये फ्रान्सच्या संसदेची निवडणूक लढवली आणि हरला. म्हणजे राजकारण त्याने विटाळ मानला नाही. पण आज जगभर जी संस्था चालते ती त्याच्या प्रचारातून आलेली नाही. भावाला ही गोष्ट सांगायला हरकत नाही. फक्त जिंकण्याच्या सुरात सांगू नका.

आता सेक्रेटरींचा प्रश्न. तुमच्या पत्रातला मला हाच भाग सगळ्यात अवघड वाटला, म्हणून जरा थांबून लिहिते.

आज आपल्या देशात ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याला काही दिलं की कुणाच्या तरी मनात शंका येते. कित्येक राज्यांत धर्मांतराविरुद्ध कायदे आहेत, आमिष दाखवल्याच्या तक्रारी होतात, बातम्या फिरतात. सेक्रेटरींनी हसत विचारलं, पण हवेत असलेलंच विचारलं. तुम्हाला वाईट वाटलं हे समजतं. पण तुम्ही डबा बंद केलात आणि शिक्षा काकूंना झाली. शंका सेक्रेटरींना होती, भूक काकूंना. शिवाय विचारल्याबरोबर बंद झालेला डबा बघून सेक्रेटरींच्या मनातली शंका वाढली असेल की कमी झाली असेल, तुम्हीच सांगा.

स्वतःला एवढंच विचारा. उद्या काकू म्हणाल्या, तुमच्या देवाचं नाव माझ्या घरात काढू नकोस, तरी डबा जाईल? जाणार असेल तर तुम्ही कुणाचं देणं लागत नाही. सेक्रेटरींना उद्या भेटून सरळ सांगा, "काकूंचा हात बरा होईपर्यंत संध्याकाळचं जेवण मी देते. मला शनिवारी थोडा उशीर होतो. त्या दिवशी तुमच्या सोसायटीतून कुणी देईल का?" विचारणाऱ्याला कामात ओढून घेतलं की विचारणं बहुधा थांबतं. नाहीच थांबलं, तर निदान शनिवारची सोय तरी होईल.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी. काकूंच्या मुलाला कॅनडात एक फोन करून ठेवा, की मी अमुक, तुमच्या आईला डबा देते, आणि त्याचा नंबर जवळ असू द्या. रात्री-अपरात्री काही झालं तर उपयोगी पडेल, आणि लांबच्या मुलाच्या कानावर आडवळणाने काही जाण्याआधी सरळ गेलेलं बरं. डब्याचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, चर्चच्या तर मुळीच नको. बायबलचं वचन छापलेलं कार्ड डब्यात ठेवायचा मोह होईल, ठेवू नका. गळ्यातला क्रूस मात्र काढून ठेवायची गरज नाही. तो तुमचा आहे, काकूंना रोज दिसतोच आहे. त्यांनी आपणहून विचारलं, तुम्ही हे का करता, तर जे खरं आहे ते दोन वाक्यांत सांगा आणि त्यांच्या हाताची चौकशी करा. त्यांनी गणपतीला बोलावलं तर जा, मोदक खा. त्यांनी भाजीचे पैसे पुढे केले किंवा शेवग्याच्या शेंगा दिल्या, तर "नको नको" करत बसू नका. सतत घेणाऱ्या माणसाला किती ओशाळवाणं वाटतं, हे देणाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा येतं.

शनिवारच्या फॉर्मांविषयी तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि "एवढंच" म्हणून मोकळ्या झालात. चाळीतली बाई यूपीची, भाषा वेगळी, कागद अपुरे, आणि आपल्या वसईत "बाहेरच्यांनी वाट लावली" हे वाक्य चहाबरोबर वाढलं जातं. ख्रिस्ती घरांतही, भुवया उंचावू नका. येशूने चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली तेव्हा ऐकणाऱ्या यहुद्यांच्या मनात शेजारच्या शोमरोनातल्या लोकांविषयी असंच काहीसं होतं. त्या गोष्टीत शोमरोनी माणूस वाटेत पडलेल्या एका माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवतो, मुक्कामाच्या जागी नेतो, मालकाला दोन दिवसांच्या मजुरीएवढी नाणी देतो आणि म्हणतो, जास्त लागलं तर परत येताना देईन. किती व्यवहारी माणूस! हिशेब ठेवतो, परत यायचं कबूल करतो, आणि आपल्या कामाला निघूनही जातो. अकाउंट्समधल्या बाईला तो आवडायला हवा.

आता तुम्हाला थोडं अडचणीचं वाटेल असं. पोटात गोळा येणं हा भित्रेपणा नाही. प्रत्येकाच्या गळ्यात घोषणा नसते. पण फॉर्म भरता भरता कधीतरी एखादीचं रेशन कार्ड महिनोन्‌महिने अडकून पडेल, कारण कुणीतरी टेबलामागून तिला उगाच हेलपाटे घालायला लावत असेल. त्या दिवशी फॉर्म नीट भरला होता म्हणून समाधान मानून चालणार नाही. तिच्याबरोबर जाऊन त्या टेबलापुढे उभं राहावं लागेल आणि गोळा पोटात ठेवूनच बोलावं लागेल.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन भुकेने मरणाऱ्या शेकडो मुली-बायका आणल्या, केडगावला त्यांची सोय लावली. रांधणं, निजवणं, शिकवणं, आजार काढणं. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, आणि सरकारी प्लेग इस्पितळात बायकांचे काय हाल होतात हे त्यांच्या कानावर आलं. त्यात त्यांच्या आश्रयाला असलेल्या एका मुलीचाही प्रश्न होता. १८९७ मध्ये त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून सरकारवर उघड टीका केली. मिशनऱ्यांशी त्यांचं नातं होतं, राज्य इंग्रजांचं होतं, गप्प बसणं सोयीचं होतं. त्या बसल्या नाहीत. रमाबाई त्या मुलींना जेवू घालत होत्या, म्हणून त्यांच्यावर काय गुजरतं हे त्यांना ठाऊक होतं आणि गप्प राहवत नव्हतं. माझ्या दृष्टीने बोलण्याचा हा रस्ता सरळ आहे. माणूस आधी, मग त्याच्यासाठी शब्द, आणि गरज पडली तर रस्ताही. श्रद्धा सिद्ध करायची म्हणून मोर्चात हजेरी लावणं मला पोकळ वाटतं. पण ज्या बाईचा फॉर्म तुम्ही भरलात तिच्यासाठी मोर्चा निघाला, तर त्या दिवशी चपला घाला. मतदान तर करायचंच, त्याला घोषणा लागत नाहीत.

एवढं सगळं लिहून झाल्यावर तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं, आणि एका वाक्यावर अडले. "सोमवार-गुरुवार मीच नेते."

डायलिसिस म्हणजे एका खेपेला जवळपास चार तास, जाणं-येणं, वाट बघणं वेगळं. आठवड्यातून दोन दिवस. अंधेरीची नोकरी सांभाळून, बहुधा रजा आणि अर्धे दिवस कापून घेऊन. आणि हे तुम्ही मोर्चाला न जाण्याचं कारण म्हणून एका वाक्यात उरकलंत! तुम्ही डब्याविषयी मला सल्ला विचारलात, पण मला वाटतं तुम्हाला राग या सोमवार-गुरुवारचा आहे. समाजासाठी वेळ काढणाऱ्या भावाला आईसाठी आठवड्यातला अर्धा दिवस सापडत नाही, आणि वर तो चार लोकांसमोर तुम्हालाच घरबशी ठरवतो. मला तरी हे धर्मशास्त्रातलं कोडं वाटत नाही. कामाची वाटणी नीट झालेली नाही, एवढंच.

त्याच्याशी बोला. चर्चच्या आवारात नको, ग्रुपवर तर नकोच. त्याच्या घरी जा, भावजय असेल तेव्हा जा. "आईवडिलांचा मान राख" ही मोशेच्या दहा आज्ञांतली चौथी आज्ञा त्याच्या तोंडावर मारू नका. त्याने तुम्हाला दिब्रिटो मारले, तुम्ही त्याला मोशे माराल, आई डायलिसिसच्या खुर्चीवर तशीच बसलेली राहील. फक्त म्हणा, "गुरुवार तू घे. मला रजा उरलेल्या नाहीत." एवढं बोलून थांबा. त्याने मोर्चाचा विषय काढला तर म्हणा, "तू जे करतोस ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला गुरुवारी ऑफिसला जायचंय." तुम्ही आजवर कधी मागितलंच नसेल, अशीही मला शंका आहे. सगळं स्वतःवर घेणाऱ्या बायका मागत नाहीत, आणि मग मनात वह्या भरून हिशेब लिहीत बसतात. तुम्ही तर त्यातल्या जाणकार!

तो नाही म्हणाला तर? मग गुरुवारसाठी पैसे देऊन कुणी सोबतीला बघा आणि खर्च अर्धा-अर्धा करा. तेही नाही म्हणाला, तर काही दिवस शनिवारचे फॉर्म बंद ठेवा. चाळीतल्या बायकांना खरं कारण सांगा, त्यांच्याइतकं ते कुणाला समजणार नाही. कदाचित त्यांच्यातलीच एखादी काकूंचा डबा चार दिवस उचलून धरेल. मदत घेणाऱ्यालाही मदत करता येते, हे आपण फार वेळा विसरतो.

शेवटी एक कामाचं. आईच्या डायलिसिसचे पैसे तुम्ही खिशातून भरत असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत डायलिसिस तिच्यात बसतं. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस नेमलेला असतो, त्याच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जायचं. तुम्ही जिथे नेता ते रुग्णालय यादीत आहे की नाही, नसेल तर जवळचं कोणतं आहे, तिथे जागा कधी मिळेल, ही सगळी धावपळ मात्र भावाला द्या. कुठल्या ऑफिसात कुणाला भेटायचं, कुणाच्या फोनने फाइल हलते, हे त्याला तुमच्यापेक्षा दहापट चांगलं कळतं. इतक्या बैठका केल्यात, ओळखी झाल्या असतीलच.